पापडखाराचे डाग

“पालथे नको, उताणे कर हात,” सासूबाई म्हणाल्या.

मी लाटणं बाजूला ठेवलं आणि दोन्ही तळवे त्यांच्यापुढे धरले. गच्चीवर आम्ही पाच-सहा जणी उडदाचे पापड लाटत बसलो होतो. होळी नुकतीच होऊन गेली होती आणि सकाळच्या उन्हालाही चटका यायला लागला होता. माझ्या तळव्यांवर तांबूस डाग उठले होते, मसुरीच्या डाळीएवढे, काही त्याहून मोठे. खाज नव्हती, आग नव्हती. नुसते डाग.

सासूबाईंनी माझी बोटं धरून हात उजेडाकडे वळवला. बराच वेळ पाहिलं. मग एकदम सोडून दिला.

“पापडखार,” त्या म्हणाल्या. “पीठ कुटताना लागला असेल. जा खाली, खोबरेल लाव. आज लाटू नकोस.”

शेजारच्या कमलताई हसल्या. “माझा जन्म गेला पापडात, मला नाही कधी झालं असं.”

“प्रत्येकाची कातडी वेगळी असते, कमल,” सासूबाई जरा तोडूनच बोलल्या.

मी उठले. मला चौथा महिना होता. बायका एकमेकींकडे बघून म्हणाल्या, नशीबवान आहेस गं, सासू किती जपते. मलाही तसंच वाटलं.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होतील. माझं सासर तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी होतं. खाली कापडाचं दुकान, वर घर. सासरे आधीच गेलेले. घरात सासूबाई, माझा नवरा मुकुंद आणि मी. मुकुंद गावात फार भला माणूस म्हणून ओळखला जायचा. दुकानात आलेल्या म्हाताऱ्यांना उठून पाट द्यायचा, वाचनालयाच्या समितीवर होता, आवाज कधी चढवायचा नाही. माल आणायला महिन्या-दोन महिन्यांनी सुरतेला जायचा आणि येताना माझ्यासाठी तिथली मिठाई, घारी आणायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. माझं नाव छाया. माहेरी मी अण्णांची एकुलती एक. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते, आई मी कॉलेजात असतानाच वारली होती.

तळव्यांवरच्या डागांच्या आधी आणखी एक गोष्ट झाली होती. ती मी कोणालाच सांगितली नव्हती, एका मुकुंदशिवाय.

संक्रांतीच्या सुमारास एकदा अंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं. सांगायला लाज वाटते अशा जागी एक फोड. फोड म्हणायचा, पण त्यात पू नव्हता. वरून सोललेला, कडेने टणक, बटणासारखा. मी दाबून पाहिला तर दुखला नाही. हेच मला विचित्र वाटलं. साधी तारुण्यपीटिका दाबली तरी डोळ्यांत पाणी येतं आणि हे मेलं एवढं सोललेलं असून ढिम्म. जांघेत दोन गाठीही आल्या होत्या, त्याही दुखत नव्हत्या.

संध्याकाळी मी धीर करून मुकुंदला सांगितलं. आई असती तर तिला सांगितलं असतं. बहीण नव्हती. सांगणार तरी कोणाला?

तो शर्टाची बटणं काढत होता. त्याचा हात थांबला.

“दुखतंय का?”

“नाही.”

“मग काही नाही. उष्णता आहे.” त्याने माझ्याकडे न बघताच सांगितलं. “गुलकंद खा. सब्जा घालून दूध पी. आणि उगाच कोणाला सांगत बसू नकोस, बरं दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकान सोडून वर आला आणि माझ्या हातात गुलकंदाची बरणी दिली. चांगल्या दुकानातली, महागाची. मला भरून आलं. बायकांच्या असल्या दुखण्याला कोणता नवरा एवढं मनावर घेतो? मी रोज सकाळी चमचा चमचा गुलकंद खाल्ला, आणि काही आठवड्यांत तो फोड खरंच नाहीसा झाला. मी सांगितलं तेव्हा मुकुंदने केवढा मोठा श्वास सोडला! “बघ, म्हटलं नव्हतं?” तो म्हणाला. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद झाला होता.

पुढे मला कसकस येऊ लागली. घसा खवखवायचा. केस विंचरताना पुंजकेच्या पुंजके फणीत यायचे आणि कानामागे एका ठिकाणी नुसती कातडी दिसू लागली. दिवस गेल्याचं कळलं होतं, त्यामुळे जे काय होईल ते सगळं गरोदरपणाच्या खात्यावर जायचं. आणि मग ते डाग.

त्याच दिवशी संध्याकाळी सासूबाई मला उपासनी डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. ते आमच्या घरचे डॉक्टर, सासऱ्यांचे जुने मित्र. सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणायचे. माझ्या लग्नात अक्षता टाकायला ते अगदी पुढे उभे होते.

त्यांनी चष्मा वर केला, माझे तळवे पाहिले. मग म्हणाले, “पाय बघू.”

तळपायांवरही तसेच डाग होते. मी तोवर पाहिलेच नव्हते. त्यांनी माझ्या मानेला हात लावून पाहिला, गाठी चाचपल्या. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या.

“काय झालंय, काका?” मी विचारलं.

“काही नाही बेटा. गरोदरपणात होतं असं कातडीला. मलम देतो.” मग सासूबाईंना म्हणाले, “वहिनी, मुकुंदाला जरा पाठवून द्या माझ्याकडे. आजच.”

मुकुंद गेला आणि जाऊन आला. काय म्हणाले विचारल्यावर म्हणाला, “तुझ्या खाण्यापिण्याकडे लक्ष दे म्हणाले.” दुसऱ्या दिवसापासून घरात मोसंबी येऊ लागली. मी झाडायला वाकले की तो माझ्या हातातून केरसुणी काढून घ्यायचा. कमलताई म्हणायच्या, असा नवरा मिळायला पुण्य लागतं.

त्या डागांना मलमाने काहीच फरक पडत नव्हता. आठवडा गेला, दुसरा संपत आला. कमलताई आपल्या गरोदर सुनेला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला सरकारी दवाखान्यात नेणार होत्या. मला म्हणाल्या, तूही चल, नाव घालून ठेव. मी मुकुंदला विचारलं.

“कशाला त्या गर्दीत?” तो लगेच म्हणाला. “डॉक्टरकाका आहेत ना आपले.”

“नुसतं इंजेक्शन तर घ्यायचंय.”

“नको म्हटलं ना एकदा.”

त्याने आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मला राग आला नाही, नवल वाटलं. आणि का कोण जाणे, दुसऱ्या दिवशी तो दुकानात उतरल्यावर मी कमलताईंबरोबर गेले.

तिथे डॉक्टर शमीम तांबोळी नावाच्या बाई नव्यानेच बदलून आल्या होत्या. तिशीच्या असतील. पोट तपासून झाल्यावर त्यांनी नाडी बघायला माझा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“हे कधीपासून?”

“दोन आठवडे होतील. पापडखाराने झालंय.”

“कोण म्हणालं?”

“सासूबाई.”

“चपला काढा.” मी काढल्या. त्यांनी पाय पाहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पापड काय पायांनी लाटता तुमच्याकडे?”

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी नर्सबाईंना बाहेर पाठवलं, दार लोटून घेतलं आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं.

“छायाबाई, मी विचारते त्याची खरी उत्तरं द्या. लाजू नका. दोन-तीन महिन्यांपूर्वी खाली कुठे फोड, जखम आली होती? न दुखणारी?”

या बाईंना हे कसं ठाऊक? मी मान हलवली.

“आणि आपोआप बरी झाली.”

“गुलकंदाने,” मी म्हणाले.

“गुलकंदाने नाही. ती बरी होतेच, काही औषध न घेता. तिथेच माणूस फसतो. जखम जाते, रोग आत राहतो. मग ताप येतो, घसा धरतो, केस जातात आणि तळहाता-तळपायांवर असे डाग येतात. तेही जातील काही दिवसांनी. तेव्हाही तुम्हाला वाटेल, बरं झालं. रक्त तपासल्याशिवाय मी नक्की म्हणणार नाही. पण मला वाटतं तुम्हाला गरमी झाली आहे. सिफिलिस म्हणतात.”

गरमी हा शब्द मी ऐकला होता. बायका कुजबुजत बोलायच्या, कुठल्या तरी वाया गेलेल्या माणसाबद्दल. मी उष्णता समजून गुलकंद खात होते आणि ही गरमी होती.

“मला कशी होईल?” मी म्हणाले. “मी घराबाहेरसुद्धा...”

“तुम्ही काही केलं असं मी म्हणत नाहीये. हा रोग संबंधातून येतो. तुमचा संबंध कोणाशी?”

“यांच्याशीच.”

मला उत्तर माझ्याच तोंडून ऐकू आलं होतं.

“आता नीट ऐका,” त्या पुढे म्हणाल्या. “हा पूर्ण बरा होतो. पेनिसिलीनची इंजेक्शनं आहेत. बाळ अजून लहान आहे, आत्ता उपचार झाले तर ते वाचेल. नाही झाले तर पोटात मरू शकतं, नाहीतर रोग घेऊन जन्माला येतं. आणि नवऱ्यालाही आणा. त्यांचे उपचार झाल्याशिवाय जवळ जाऊ नका.”

रक्ताचा निकाल यायला काही दिवस लागले. तेवढे दिवस मी घरात कशी वावरले ते माझं मला माहीत. निकाल आला, बाईंनी म्हटलं तेच निघालं. पहिलं इंजेक्शन त्यांनी तेव्हाच दिलं. जाड सुई, ऊस पिळून काढावा तशी कळ पायापर्यंत गेली. मी लंगडत घरी आले आणि संध्याकाळी मुकुंद वर आल्यावर त्याला सांगितलं. भांडायचं नव्हतं मला. खरं सांगते, मी सगळं ठरवून ठेवलं होतं. तो चुकलं म्हणेल, मी रडेन, दोघं मिळून दवाखान्यात जाऊ. त्याच्या त्या मोसंब्यांची मला अजून माया होती.

मुकुंदने सगळं ऐकून घेतलं. चेहरा पांढरा पडला होता. मग त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे सासूबाई उभ्या होत्या.

“तू हे कुठून आणलंस?” तो म्हणाला.

मला वाटलं, औषधाबद्दल विचारतोय.

“मी विचारतोय, हा रोग कुठून आणलास तू? कोणाकडून?”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या मटकन खाली बसल्या. मी एकदा त्याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. दोन दिवसांनी मुकुंद धुळ्याला जाऊन आपलं रक्त तपासून आला. रिपोर्ट स्वच्छ होता. तो त्याने माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि अण्णांना तार केली की ताबडतोब निघून या.

अण्णा दुपारी आले. उन्हातून स्टँडवरून चालत आले होते, सदरा पाठीला चिकटला होता. मला कोणी बाहेर येऊ दिलं नाही. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभी होते आणि बैठकीतलं सगळं मला ऐकू येत होतं. उपासनी डॉक्टरांनाही बोलावलं होतं, वडीलधारे म्हणून.

बोलायला सुरुवात सासूबाईंनी केली. “व्याहीबुवा, आम्ही तुमच्या मुलीला फुलासारखी ठेवली. आणि तिने आमच्या घराला हा दिवस दाखवला. तोंडाने नाव घेववत नाही. डॉक्टर, तुम्हीच सांगा त्यांना.”

उपासनी डॉक्टर खाकरले. “छायाच्या रक्तात दोष निघालाय. संसर्गाचा रोग आहे. मुकुंदाचा रिपोर्ट मी पाहिला, तो स्वच्छ आहे. एवढंच मी म्हणेन.”

“मला तर तिने सांगितलं तेव्हा कळलं,” मुकुंद म्हणाला. त्याच्या आवाजात कंप होता, पण शब्द पाठ केल्यासारखे येत होते. “धक्काच बसला मला, अण्णा. माझा तिच्यावर केवढा विश्वास. ते मूल तरी माझं आहे की नाही, कोण जाणे.”

मी दाराच्या फटीतून अण्णांकडे पाहिलं. त्यांची मान खाली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि ते आपल्या चपलांच्या खुणा पडलेल्या धुळकट पायांकडे बघत होते. मला आयुष्यात कशाचा एवढा संताप आला नाही. मुकुंदचाही नाही, रोगाचाही नाही. माझ्या बापाला कोणी मान खाली घालायला लावली होती, आणि ती माझ्या नावाने.

मी चहाचा ट्रे उचलला आणि बाहेर गेले.

“तू आत जा,” सासूबाई म्हणाल्या.

मी ट्रे तिपाईवर ठेवला आणि उपासनी डॉक्टरांसमोर उभी राहिले.

“डॉक्टरकाका, पापडाच्या दिवशी तुम्ही माझे हात पाहिलेत, पाय पाहिलेत, मानेच्या गाठी पाहिल्यात. आणि मलम दिलंत. त्या सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी नुसता हात पाहून ओळखलं. तुम्हाला ओळखता आलं नाही?”

ते चपापले. मग त्यांचा चेहरा तांबडा झाला. “ओळखता आलं नाही म्हणजे? तीस वर्षं झाली मला या गावात. असले रोगी तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून बघतोय मी.”

“म्हणजे ओळखलंत?”

“अर्थात ओळखलं.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“बाईमाणसाला असं तोंडावर सांगत नाहीत. मी रीतीने केलं जे करायचं ते. त्याच संध्याकाळी मुकुंदाला बोलावून सगळं...”

ते थांबले. पण तोवर शब्द बाहेर पडला होता.

मी मुकुंदकडे वळले. “आत्ता तुम्ही अण्णांना म्हणालात, छायाने सांगितलं तेव्हा कळलं. काका म्हणतात, त्यांनी तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणजे तुम्हाला माझ्या आधी दोन आठवडे ठाऊक होतं.”

“मी... मला तुझा विचार...”

“दोन आठवडे तुम्ही मला मोसंबी आणून दिलीत. केरसुणी काढून घेतलीत हातातून. बायकोला बाहेरून असला रोग लागलाय हे ज्या नवऱ्याला नव्याने कळतं, तो मोसंबी आणतो? तो त्याच संध्याकाळी घर डोक्यावर घेतो. तुम्ही गप्प बसलात, आणि दवाखान्यात जाऊ नको म्हणालात. का?”

मुकुंदची नजर पुन्हा आईकडे गेली.

अण्णांनी मान वर केली. “डॉक्टर,” ते हळूच म्हणाले, “जावईबापूंवर तुम्ही याआधी काही उपचार केलेत का?”

“पेशंटचं मी असं चारचौघांत बोलू शकत नाही, अण्णा. आमच्या धंद्याचे काही नियम असतात.”

“माझी मुलगी पण तुमची पेशंट आहे.”

उपासनी डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते उठून उभेच राहिले. “वहिनी, मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं की हे अंगाशी येईल. मार्गशीर्षात मी त्याला इंजेक्शन दिलं, म्हणून त्याचं रक्त आज स्वच्छ आहे. तेव्हाच दोघांनाही बजावलं होतं, सुनेला घेऊन या. तुम्हीच म्हणालात घरात बोलू नका, ती माहेरी सांगेल. आता माझं नाव यात ओढू नका.” आणि ते चहा न घेता जिना उतरून गेले.

दोघांनाही. म्हणजे सासूबाईंनाही. गच्चीवर माझा हात उजेडाकडे धरला, तेव्हा त्यांना कळलं होतं. पापडखार म्हणाल्या तेव्हा कळलेलं होतं. माझ्या पोटात त्यांचं नातवंड होतं.

“आई,” मी म्हणाले, “तुम्हाला माहीत होतं.”

त्यांनी डोळ्यांना लावलेला पदर सोडला. डोळे कोरडे होते. “माझा मुलगा आहे तो. एकदा पाय घसरला पोराचा. मी काय गावभर दवंडी पिटायची होती?”

“गावाला नाही. मला सांगायचं होतं.”

“तुला सांगून काय झालं असतं?”

“इंजेक्शन झालं असतं!” मी ओरडले. अख्ख्या माडीवर ऐकू गेलं असेल, खाली दुकानातही. “एक इंजेक्शन, आई! तुमच्या मुलाने घेतलं तेवढंच. ते मिळालं असतं तर मला ना फोड आला असता, ना हे डाग. तुम्ही मला गुलकंद चाटवलात. आणि पोर मेलं असतं तर म्हणाला असतात, सुनेचा पायगुण!”

मुकुंद रडायला लागला. मला दया आली नाही. मी आत गेले, गॅस बंद केला आणि माझी पिशवी घेतली. अण्णा दारात उभे होते. जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. तळव्यावरचे डाग त्यांच्या हाताला लागत असतील, पण त्यांनी तो स्टँड येईपर्यंत सोडला नाही. एसटीत बसल्यावर कितीतरी वेळाने म्हणाले, “मी क्षणभर मान खाली घातली होती, पोरी.”

“मी पाहिलं,” मी म्हणाले.



डॉक्टर तांबोळींनी चिठ्ठी दिली होती, उरलेली इंजेक्शनं माहेरच्या दवाखान्यात झाली. डाग गेले, केस पुन्हा आले. भाद्रपदात मुलगी झाली. तिचं रक्त तपासलं, हाडांचे फोटो काढले, पुढे वर्षभर मी तिला घेऊन दवाखान्यात जात राहिले. तिच्यात काही नव्हतं. सहा पौंडांची, काळ्याभोर जावळाची, गळा काढून रडणारी पोर.

बाळंतपणानंतर मुकुंद एकदा आला. ओसरीवर बसला. “चूक झाली माझी,” म्हणाला. “एकदाच गेलो होतो. मला भीती वाटली, तू सोडून जाशील.”

“कुठे गेला होतात ते मी विचारलंय कधी?”

“मग काय विचारणार आहेस?”

“काही नाही. घाबरून तुम्ही मला सांगितलं नाहीत, ते मी कदाचित पोटात घातलं असतं. पण माझ्या बापाला तार करून बोलावलंत, आणि त्याच्यासमोर म्हणालात हे मूल कोणाचं कोण जाणे. ते शुद्धीत, विचार करून केलंत.”

“आई म्हणाली की...”

“मग आईजवळच जा,” मी म्हणाले आणि पोरीला घेऊन आत गेले. पुढे रीतसर फारकत झाली. मी बालवाडीचा कोर्स केला, नोकरी धरली. तो सगळा वेगळा इतिहास आहे.

बारशाचं मात्र इथेच सांगायला हवं. त्या दिवशी माहेरचं घर भरलं होतं. नात्यातल्या, शेजारच्या, सगळ्या बायका आल्या होत्या. पाळणा फुलांनी सजवला होता. माझी थोरली आत्या, अण्णांची बहीण, नाशिकहून आली होती. ती पाळण्याजवळ बसून पोरीचं टकुचं सारखं करत म्हणाली, “बाकी सगळं गोड झालं गं. पण बाप नाही बारशाला, हे काही बरं दिसत नाही. असं काय झालं एवढं? नवरा-बायकोत कमी-जास्त व्हायचंच. बाईने जरा सोसावं.”

मला वाटलं आता मी काहीतरी बोलेन आणि रडेन. गावात तोवर नाना तऱ्हा चालल्या होत्या. कोणी म्हणे हुंडा, कोणी म्हणे हिचंच काहीतरी असणार. मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

अण्णा घुगऱ्यांचं ताट घेऊन दारात उभे होते. माझे अण्णा, जे बायकांच्या बैठकीत कधी पाऊल टाकायचे नाहीत. माझ्या आईला शेवटी गर्भाशयाचा आजार झाला, तेव्हा डॉक्टरांपुढेसुद्धा ज्यांना तो शब्द उच्चारता आला नव्हता. ते आत आले.

“मी सांगतो काय झालं,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाईपर्यंत पोचला. “जावयाला गरमीचा रोग होता. त्याने तो हिला दिला. त्याला माहीत होतं, त्याच्या आईला माहीत होतं, त्यांच्या डॉक्टरला माहीत होतं. हिला कोणी सांगितलं नाही. कळलं तेव्हा हिच्यावरच आळ घेतला. हिने वेळेवर औषध घेतलं, म्हणून ही पोर आज पाळण्यात आहे. यात माझ्या मुलीने लाजावं असं काही नाही, म्हणून मीही लाजत नाही.”

आत्याचा हात टकुच्यावर तसाच थांबला होता.

अण्णांनी घुगऱ्यांचं ताट खाली ठेवलं आणि सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं.

“चला,” ते म्हणाले, “आता पोरीचं नाव ठेवा.”